ज्ञानकोशाची किल्ली कोणाच्या हाती?

पांढुर्णा तालुक्यातील तिगावपासून सौंसर तालुक्याच्या टोकाच्या खेड्यापर्यंत कोणत्याही घरचे लोखंडी कपाट उघडून पाहावे. शेताचे कागद, पोरांचे दाखले, लग्नातला शालू, आणि त्यांच्याच शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत दोनचार चकचकीत तबकड्या सापडतील. एखादी घरच्या लग्नाची, एखादी भागवत सप्ताहाची, एखादी गावच्या दंढारीची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या तबकड्या लावण्यासाठी घरोघरी व्हिडिओ सीडीचे यंत्र होते. यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा मोबाईल विकू लागला आणि तबकड्या कपाटात राहिल्या. त्यात बोलणारे आजोबा आजही आत आहेत. त्यांना बाहेर आणणारे यंत्र मात्र घरात नाही.

जी गत घरच्या लग्नाची, तीच जगातल्या मोठमोठ्या ज्ञानकोशांची झाली आहे. १९८५ साली अमेरिकेतील ग्रोलिअर कंपनीने आपल्या संपूर्ण ज्ञानकोशाचा मजकूर एका सीडी-रॉमवर आणला. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीत कपाटभर खंड मावले, याचे तेव्हा जगाला नवल वाटले. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा आला. त्यात मजकुराबरोबर आवाज होता, चित्रे होती, हलती दृश्ये होती. यालाच मल्टिमीडिया म्हणण्याची पद्धत पडली. शहरातल्या शाळांनी संगणक घेतला की त्याबरोबर अशी एखादी तबकडी हमखास येई. २००९ मध्ये एन्कार्टा बंद झाला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना तबकडी घालण्याची खाचसुद्धा नसते.

भाषेच्या विशेषांकात हा यंत्रांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की एन्कार्टा गेल्याने तिगावचे फारसे काही बिघडले नाही. सिंहाची माहिती, सूर्यमालेची माहिती जगात आणखी शंभर ठिकाणी सापडते. पण एका प्रदेशाची माहिती, त्या प्रदेशाच्या बोलीत सांगितलेली, एकाच तबकडीत असेल आणि ती तबकडी मुकी झाली, तर ती दुसरीकडे कोठेही सापडत नाही. जग मोठे असल्यामुळे मोठ्या कोशाचे नुकसान भरून निघते. लहान प्रदेशाच्या कोशाचे भरून निघत नाही. आपण तर दोन राज्यांच्या सीमेवरचे. म्हणून हा प्रश्न आपल्याला नागपूर-पुण्याच्या माणसापेक्षा अधिक जवळचा आहे.

नऊशे वर्षांची वही आणि पंधरा वर्षांची तबकडी

या बाबतीतले जगातले सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथे विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्याची गावोगावची मोजणी करून घेतली. कोणाची जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, हे सारे कातड्याच्या पानांवर लॅटिन भाषेत लिहिले गेले. या दप्तराला डूम्सडे बुक असे नाव पडले. आपल्याकडच्या बंदोबस्ताच्या दप्तराचे ते फार जुने भावंड म्हणता येईल.

या दप्तराला नऊशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९८६ साली बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. कल्पना फार चांगली होती. देशाचे चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे चौकोन पाडले. त्या त्या चौकोनातल्या शाळांना आणि गावकऱ्यांना सांगण्यात आले की, तुमच्या भागाची माहिती तुम्हीच लिहा. मुलांनी आपला दिवस कसा जातो ते लिहिले, काय खातो, काय खेळतो, गावात दुकाने किती, कामधंदा कोणता, हे लिहिले, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांनी या कामाला हातभार लावला. सुमारे दीड लाख पाने मजकूर आणि वीस हजारांवर छायाचित्रे गोळा झाली. पंडितांनी नव्हे, तर गावांनी स्वतः लिहिलेला असा प्रादेशिक ज्ञानकोश त्यापूर्वी क्वचितच कोठे झाला असेल.

पण तो साठवला कशावर? आपल्या जेवणाच्या ताटाएवढ्या, तीस सेंटिमीटर व्यासाच्या लेसर तबकडीवर. ती वाचायला फिलिप्स कंपनीचे खास यंत्र लागे, त्याला जोडायला बीबीसीच्या नावाने निघालेला अ‍ॅकॉर्न कंपनीचा संगणक लागे, आणि हा सारा संच हजारो पौंडांना पडे. ज्या शाळांच्या पोरांनी माहिती लिहिली, त्यांतल्या कित्येक शाळांना आपलेच लिखाण पाहण्याची ऐपत राहिली नाही. पुढे त्या जातीची तबकडी बाजारात चाललीच नाही. यंत्रे बनणे थांबले. पंधरा वर्षांच्या आत अशी पाळी आली की, १०८६ ची कातड्याची पाने लंडनजवळच्या क्यू येथील अभिलेखागारात नीट वाचता येत होती, आणि १९८६ ची तबकडी वाचू शकणारी चालू यंत्रे शोधावी लागत होती.

पुढे लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ मध्ये जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली रचली आणि तबकडीतला मजकूर नव्या संगणकावर आणून दाखवला. चित्रांच्या मूळ चित्रफिती कोणीतरी जपून ठेवल्या होत्या, त्याही उपयोगी पडल्या. २०११ मध्ये गावकऱ्यांनी लिहिलेला भाग इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. म्हणजे शेवट गोड झाला. पण तो देश श्रीमंत, विद्यापीठे मोठी आणि बीबीसीचे नाव जगभर. आपल्या एखाद्या तालुक्याची तबकडी मुकी झाली असती, तर तिच्यासाठी परदेशातले विद्यापीठ धावून आले असते काय?

अक्षरांना लागलेले कुलूप

आपल्याकडेही तबकड्यांचे दिवस येऊन गेले. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी जिल्हा गॅझेटियरे सीडीवर आणली. संतसाहित्याच्या, शब्दकोशांच्या, शालेय अभ्यासाच्या मराठी तबकड्या पुस्तकांच्या दुकानांत मिळत. घरात संगणक आला म्हणजे मराठीही त्यात आली, असा त्या काळचा उत्साह होता आणि तो खोटा नव्हता.

मराठीच्या बाबतीत मात्र तबकडीपलीकडे आणखी एक अडचण होती, ती अक्षरांची. संगणक आला तो इंग्रजी अक्षरे शिकूनच. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी मोठे काम केले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची प्रमाण संहिताही ठरली. पण छपाईच्या धंद्यात चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट. महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती; आपल्या भागात हिंदी टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव. या फाँटांत देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. कृतिदेवमधला ‘म’ संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी ‘ई’ असतो आणि ‘र’ असतो ‘जे’. तो फाँट संगणकात आहे तोवर मजकूर दिसतो. फाँट गेला की त्याच पानावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक सडा पडतो.

म्हणजे एका तबकडीला तीन कुलपे लागली. पहिले कुलूप यंत्राचे: सीडी वाचणारी खाच हवी. दुसरे कार्यक्रमाचे: ज्या विंडोजसाठी तो कोश बनवला होता, ती विंडोज हवी. तिसरे अक्षराचे: तोच फाँट हवा. तिन्ही किल्ल्या कंपन्यांच्या हातात. कंपनीने नवा माल काढला की जुनी किल्ली वितळवून टाकलेली असते. वृत्तपत्रांचीही त्या काळातली पाने अशाच फाँटांत जुळवलेली आहेत. ती आज वाचायची तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, नाहीतर सरळ कागदी अंकाची फाईल उघडावी लागते. कागदाला किल्ली लागत नाही.

याला उपाय निघाला तो युनिकोडचा. या जागतिक संहितेत प्रत्येक देवनागरी अक्षराला त्याचे स्वतःचे स्थान मिळाले, आणि ते कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड २०११ पासून संकेतस्थळावर येऊ लागले, १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज चालू आहे, आणि दोन्ही तिगावच्या मोबाईलवर नीट दिसतात, ते याच संहितेमुळे.

रिद्धपूरचा धडा

कुलूप लागलेला ग्रंथ ही मराठीला नवी गोष्ट नाही. आपल्या पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीच्या वाटेने गेले की रिद्धपूर लागते. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, लीळाचरित्र, तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केला. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्या ज्या माणसांकडे होत्या, त्यांच्याकडे स्वतः जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी त्या लिहून घेतल्या. गावोगाव फिरून माहिती गोळा करण्याची ही रीत बीबीसीच्या सातशे वर्षे आधी आपल्या शेजारी होऊन गेली.

पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ग्रंथ मात्र गेला नाही. अनुयायांना लीळा पाठ होत्या. त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहिल्या. म्हणून आज लीळाचरित्राचे एकच एक रूप नसून अनेक पाठ सापडतात. अभ्यासकांना ते जुळवताना कष्ट पडतात. पण अनेक पाठ आहेत, म्हणूनच ग्रंथ आहे.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. बाहेरच्या माणसाला ती पाने म्हणजे न उघडणारी तबकडीच होती. कित्येक शतके मराठी विद्वानांना या साहित्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मराठीचा जुना खजिना जगापुढे आला. या काळात पोथ्या कशा टिकल्या? पंथाच्या मठामठांत त्यांच्या नकला होत राहिल्या, महाराष्ट्रापासून थेट पंजाबपर्यंत त्या गेल्या, आणि लिपीची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. कुलूप होते, पण किल्ली समाजाच्या हातात होती. सीडीचे कुलूप वीस वर्षांत गंजले आणि सकळ लिपीचे कुलूप सहाशे वर्षांनी उघडले, यातला फरक एवढाच आहे.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. सीमाभागाच्या इतक्या जवळ मराठीचे विद्यापीठ असणे ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही.

ज्ञानकोशकार आपल्याच मुलखातले

मराठीत आधुनिक ज्ञानकोशाची मुहूर्तमेढ रोवणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते, आज छत्तीसगडची राजधानी आहे. अमरावतीला त्यांचे शिक्षण झाले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि परत आल्यावर ज्ञानकोशाचे काम हाती घेतले ते नागपुरात. पुढे कार्यालय पुण्याला गेले. सरकारी आश्रयावर न विसंबता, लिमिटेड कंपनी काढून, वर्गणीदार गोळा करून, त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. महाराष्ट्र राज्य तेव्हा अस्तित्वात नव्हते. ‘महाराष्ट्रीय’ म्हणजे मराठी बोलणारा, मग तो रायपूरचा असो की बडोद्याचा, असा त्या शब्दाचा अर्थ होता. तिगावचा माणूस त्या अर्थाने आपोआप त्यात येत होता.

हे खंड कागदावर छापलेले होते, म्हणून ते शंभर वर्षे टिकले. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ते संगणकावर आणले, म्हणून ते आज खेड्यातल्या वाचकालाही उघडता येतात. जुनी प्रत आणि नवी प्रत दोन्ही असली म्हणजे काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तबकड्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक जुनी तबकडी आठवली पाहिजे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा सातवा खंड मराठीचा, तो १९०५ मध्ये निघाला. वऱ्हाडी आणि नागपुरी या आपल्या बोलींची त्यात नमुन्यांसह नोंद आहे. १९१३ ते १९२९ या काळात या पाहणीसाठी देशातल्या भाषाबोलींची दोनशेंहून अधिक ध्वनिमुद्रणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर करण्यात आली. मध्य प्रांताच्या बोलीही त्यात होत्या. गावच्या माणसाने आपल्या बोलीत एखादी गोष्ट सांगायची आणि यंत्राने ती टिपायची, अशी ही पद्धत होती. या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख येते ती पळस-कुसुमासारख्या झाडांवरच्या किड्यापासून. पडली की फुटणारी ती तबकडी आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयातून घरबसल्या ऐकता येते, कारण वेळ असतानाच कोणीतरी ती नव्या माध्यमात उतरवली. शंभर वर्षांपूर्वीची लाख बोलते आणि वीस वर्षांपूर्वीची दंढारीची सीडी मुकी राहते.

दोन दप्तरांच्या मधली जागा

१९०७ मध्ये रसेल यांनी संपादित केलेले छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, ते इंग्रजीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. नकाशा असा बदलत गेला आणि प्रत्येक बदलात आपली मराठी दोन दप्तरांच्या मधल्या जागेत राहून गेली. महाराष्ट्राच्या दर्शनिकेने गॅझेटियरच्या सीडी काढल्या, त्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या. मध्य प्रदेशाचे दप्तर हिंदीत आणि इंग्रजीत. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. राज्ये आपापल्या हद्दीपुरते लिहितात. पण परिणाम असा की तिगावची मराठी कोणत्याच राज्याच्या तबकडीवर पुरती चढली नाही.

आणि ही मराठी काय आहे ते आपण जाणतो. शाळेत हिंदी, तहसीलीत हिंदी आणि वावरात मराठी. वखर, डवरे, तिफण, सरते ही अवजारे. पऱ्हाटीची वेचणी आणि सरकी. संत्र्याची पन्हेरी, जंभेरीवर बांधलेले कलम, आंबिया आणि मृग बहार, बहारासाठी बागेला दिलेला ताण, कोळशी आणि डिंक्या हे रोग. यांतले काही शब्द छापील कोशांत मिळतात. पण कोणता शब्द कोणत्या कामासाठी, कोणत्या महिन्यात, कोणत्या अर्थाने वापरायचा, हे कोशात नाही. ते बागवानाच्या डोक्यात आहे. ट्रॅक्टर आला तशी तिफण अडगळीत गेली, आणि अवजाराच्या मागोमाग त्याच्या प्रत्येक भागाचे नावही जात आहे.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की जाणती माणसे झडत्या म्हणतात. पोरींची भुलाबाईची गाणी आहेत, तान्ह्या पोळ्याची रीत आहे. पोळ्याच्या करीला पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये जांब नदीत गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, दगड चालतात, दुसऱ्या दिवशी जखमींचे आकडे छापून येतात. दगडांची दृश्ये मोबाईलवर हजारो निघतात. पण ते झाड कोण आणते, त्याचा मान कोणत्या घराचा, पूजा कशी होते, म्हातारी माणसे या प्रथेचे मूळ कसे सांगतात, हे शांतपणे बसून किती जणांनी नोंदवले? आपल्याजवळ चित्रे पुष्कळ आहेत, कोश नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद सीमेच्या अलीकडेही झाला. तो दर्जा मिळवताना जुने ग्रंथ, जुने शिलालेख पुरावा म्हणून कामी आले. लिहून ठेवलेले होते म्हणून पुरावा झाला. आपल्या बोलीचा पुरावा आपणच लिहून ठेवला नाही, तर उद्या मागणाऱ्याला काय दाखवणार?

करता येण्यासारखे

हे काम सरकारी अनुदानाची वाट पाहण्याइतके मोठे नाही. प्रथम घरातल्या तबकड्यांकडे वळावे. सीडी वाचणारे सुटे यंत्र अजून मिळते, ते यूएसबीने कोणत्याही संगणकाला जोडता येते. गावात एकाने घेतले तरी सर्वांचे काम भागते. व्हिडिओ सीडी संगणकात उघडली की तिच्यात मोठ्या आकाराच्या, डॅट या आडनावाच्या फाइली दिसतात. त्या सरळ संगणकात उतरवून घ्याव्यात. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर त्या चालतात. एका यंत्रावर तबकडी अडली, तर दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहावी, पुष्कळदा चालते. धूळ पुसायची ती मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: सीडीतला मजकूर असतो तो नाव लिहितो त्या बाजूच्या अगदी पातळ थराखाली. म्हणून वरच्या बाजूला बॉलपेनने नाव कोरणे किंवा चिकटवलेला कागद ओढून काढणे, हे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरते.

तबकडीतून उतरवले म्हणजे काम संपले असेही समजू नये. आजचा मोबाईल आणि त्यातले नखाएवढे मेमरी कार्ड ही उद्याची मुकी तबकडीच आहे. मोबाईल पडला, हरवला, विकला की त्याबरोबर आजीचा आवाजही गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली दृश्ये वाटेत बारीक होतात, त्यामुळे ती मूळ प्रत समजता येत नाही. किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. दर चार-पाच वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात आणि त्या वेळच्या नव्या साधनावर उतरवाव्यात. मठातले लेखक पोथी जीर्ण होण्याआधी नक्कल करीत, त्याच हिशेबाने.

मजकूर लिहायचा तो युनिकोडमध्ये. जुन्या फाँटातले काही असेल, तर फाइलीच्या नावातच फाँटचे नाव लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला किल्ली मिळेल. आणि जे महत्त्वाचे असेल ते कागदावर छापून गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवावे. प्रत्येक मुद्रणाबरोबर चार गोष्टी नोंदवाव्यात: कोण बोलले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कशाबद्दल. या चार ओळी नसतील, तर पन्नास वर्षांनी तो केवळ कोणा म्हाताऱ्याचा आवाज उरेल. बोलणाऱ्याला विचारून, त्याची परवानगी घेऊनच नोंद करावी, हे सांगायला नकोच.

आणि नवे काम? त्यासाठी इंग्लंडच्या शाळांची रीत घेण्यासारखी आहे, त्यांची तबकडी नव्हे. तिगावचे स्टेशन नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, पुढे चिचोंड्याकडे घाट चढतो. त्या स्टेशनाभोवतीचा चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद चौकोन कागदावर काढावा. त्यात किती वावरे आहेत, त्यांची नावे काय, विहिरींची नावे काय, नाल्याला प्रत्येक वळणावर काय म्हणतात, घाटाबद्दल जुने रेल्वे कामगार काय सांगतात, संत्र्याची पहिली बाग कोणी लावली असे लोक मानतात, हे आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारून लिहावे. ऐकले तसे लिहावे, पुस्तकी मराठीत सुधारून नव्हे. दोघांनी दोन प्रकारे सांगितले, तर दोन्ही लिहावे. लीळाचरित्राचे अनेक पाठ असणे हे त्याचे बळच ठरले. अशी एक वही एका वर्षात होते. शेजारच्या गावाने आपल्या चौकोनाची दुसरी केली की तालुक्याचा कोश सुरू झाला.

सुरुवात पोळ्यापासून करता येईल. तोरणाखाली झडत्या म्हणणारी चार-सहा माणसे अजून प्रत्येक गावात आहेत, आणि पोळ्याच्या दिवशी ती आपण होऊन एका जागी जमतात. पोळा दरवर्षी येईल. ती माणसे दरवर्षी येतील असे नाही.